पगाराचा आकडा आणि रात्रीच्या ड्यूटीतील खाटा

कोल्हापुरातील ३५ खाटांच्या एका खासगी रुग्णालयात मी अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून काम करते. गेल्या वर्षी माझा पगार दरमहा १७,५०० रुपये होता. त्याच सुमारास महामार्गाच्या बाजूला असलेल्या, ८० खाटांच्या दुसऱ्या एका रुग्णालयातून मला २६,००० रुपयांचा प्रस्ताव आला. जीएनएम, म्हणजे परिचर्येची पदविका, होऊन अतिदक्षता विभागात काही वर्षे काढलेल्या आणि व्हेंटिलेटरवरचा रुग्ण एकटीने सांभाळू शकणाऱ्या सिस्टरला आज मागणी आहे, त्यामुळे प्रस्ताव येण्यात नवल नव्हते. मी होय म्हणावे की नाही, हे ठरवायला मात्र बरेच दिवस गेले. त्या दिवसांत मी काय पाहिले, कोणते हिशेब मांडले आणि कोणाला काय विचारले, ते येथे क्रमाने लिहीत आहे. आमच्या व्यवसायातील मुलींना असे प्रस्ताव वरचेवर येतात आणि बहुतेक वेळा आकडा ऐकूनच निर्णय होतो, म्हणून हे लिहावेसे वाटले.

पैशाची गरज मला होती, आणि ते सांगताना मला कसलाही संकोच वाटत नाही. माझे यजमान उद्यमनगरातील एका वर्कशॉपमध्ये कामाला आहेत, फुलेवाडीतील घराच्या कर्जाचा हप्ता आहे, मुलगी शाळेत आहे आणि सासूबाईंच्या साखरेच्या गोळ्या व तपासण्या आहेत. परिचारिकेने पगाराचे बोलू नये, ही सेवा आहे, असे म्हणणाऱ्यांचे मला कधीच पटलेले नाही. सेवा करणारीलाही महिन्याचा किराणा भरावा लागतो. म्हणून पगाराला दुय्यम मानून मी विचाराला सुरुवात केली नाही. उलट आधी पगाराचाच हिशेब नीट मांडला, आणि तो मांडता मांडताच पहिल्या शंका आल्या.

प्रस्तावाच्या पत्रात लिहिलेले २६,००० रुपये हे रुग्णालयाला माझ्यावर येणारा एकूण खर्च होते. त्यात भविष्य निर्वाह निधीतील रुग्णालयाचा वाटा, म्हणजे १५,००० रुपयांच्या मर्यादेवर १२ टक्क्यांनी १,८०० रुपये, धरलेला होता. तो वजा केला की पगार २४,२०० होतो आणि त्यातून माझ्या वाट्याचे तेवढेच १,८०० कापले की हातात २२,४०० रुपये उरतात. व्यवसाय कर लागणार नव्हता, कारण महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना त्यातून सूट आहे. माझ्या त्या वेळच्या पगारातून १,४४० रुपये निधीत आणि १३२ रुपये राज्य विमा योजनेत जात होते, म्हणजे हातात १५,९२८ येत होते. तेव्हा ८,५०० वाटणारा फरक प्रत्यक्षात साडेसहा हजारांच्या आत आला. ही रक्कमही आमच्या घरासाठी लहान नव्हती.

यात एक गोष्ट अशी होती, जी मला कोणी सांगितली नव्हती. कर्मचारी राज्य विमा योजना, जिला आपण सगळे ईएसआय म्हणतो, ती दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांनाच लागू होते. जुन्या पगारात मी, यजमान आणि मुलगी त्या योजनेखाली होतो. आजारपणातील रजेचे पैसे, कामावर इजा झाली तर मिळणारा लाभ आणि उपचार हे सगळे महिन्याला १३२ रुपयांत होते. नव्या पगाराने मी त्या मर्यादेबाहेर जाणार होते. नव्या रुग्णालयाचा स्वतःचा गट विमा आहे का, असे मी विचारले, तेव्हा ‘आपल्याच रुग्णालयात सवलत मिळते’ असे उत्तर मिळाले. सवलत किती, ते कुठेही लिहिलेले नव्हते. ज्या नोकरीत धोका अधिक आहे त्याच नोकरीत विम्याचे संरक्षण कमी होणार, ही गोष्ट माझ्या मनातून पुढे गेलीच नाही.

मग तासांचा हिशेब केला. माझ्या रुग्णालयात सकाळी ८ ते २, दुपारी २ ते ८ आणि रात्री ८ ते सकाळी ८ अशा पाळ्या आहेत. आलटून पालटून आणि नाइट ऑफ, म्हणजे रात्रपाळीनंतरची सुट्टी, धरून महिन्याला सरासरी २०० तास भरतात. नव्या ठिकाणी दोनच पाळ्या होत्या, दोन्ही १२ तासांच्या, आणि महिन्याला २६ ड्यूट्या, म्हणजे ३१२ तास. हातात येणाऱ्या रकमेला तासांनी भागले तेव्हा जुन्या नोकरीत तासाला सुमारे ८० रुपये पडत होते आणि नव्या नोकरीत ७२ रुपयांहूनही कमी. महिन्याचा आकडा वाढत होता तो माझ्या कामाची किंमत वाढली म्हणून वाढत नव्हता, मी शंभराहून अधिक तास जास्त उभी राहणार होते म्हणून वाढत होता. हा हिशेब कागदावर उतरवल्यावर ‘जास्त पगार’ हे शब्द मी निदान स्वतःशी तरी वापरायचे सोडले.

येथे थोडे विषयाच्या आजूबाजूचे सांगते, कारण त्यावाचून या आकड्यांचे माप कळत नाही. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या पगाराबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारला समिती नेमण्यास सांगितले होते. त्या समितीने खाटांच्या संख्येनुसार शिफारशी केल्या. २०० हून अधिक खाटा असतील तर राज्य शासनाच्या त्याच श्रेणीतील परिचारिकेइतका पगार, १०० हून अधिक असतील तर १० टक्क्यांपेक्षा अधिक फरक नको, ५० ते १०० खाटांना २५ टक्क्यांपेक्षा अधिक फरक नको, आणि ५० खाटांच्या आत असेल तरीही २०,००० रुपयांहून कमी पगार नको. आपल्या राज्यात शासकीय अधिपरिचारिकेचे मूळ वेतन सातव्या आयोगानुसार ३५,४०० पासून सुरू होते आणि त्यावर महागाई भत्ता वेगळा असतो. ८० खाटांच्या रुग्णालयाने २५ टक्के वजा करून नुसते मूळ वेतन दिले असते, तरी २६,५५० रुपये झाले असते. म्हणजे जो प्रस्ताव आमच्या गल्लीत ‘भारी पगार’ म्हणून सांगितला जात होता, तो त्या शिफारशीच्या पायरीपर्यंतही पोहोचत नव्हता. माझे स्वतःचे १७,५०० हेदेखील त्या २०,००० च्या खालीच होते, हे येथेच नोंदवते, कारण पुढे त्याचा उपयोग झाला.

हिशेब झाल्यावर मी नव्या रुग्णालयाच्या मेट्रन मॅडमना फोन करून विभाग पाहण्याची परवानगी मागितली, आणि जाण्यासाठी मुद्दाम संध्याकाळची वेळ निवडली. सकाळी ११ वाजता कोणतेही रुग्णालय पाहिले तरी ते चांगलेच दिसते. राउंड चालू असतो, इनचार्ज सिस्टर असतात, मावशी फरशी पुसत असतात, आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, जागेवर असतात. खरे चित्र रात्री ८ च्या हँडओव्हरला, म्हणजे एक पाळी दुसरीकडे रुग्ण सोपवते तेव्हा दिसते. मेट्रन मॅडमनी परवानगी दिली, ही गोष्ट त्यांच्या बाजूची म्हणून नमूद केली पाहिजे, कारण अनेक ठिकाणी ती मिळत नाही.

विभागात १२ खाटा होत्या आणि त्या दिवशी सगळ्या भरलेल्या होत्या. तिघे रुग्ण व्हेंटिलेटरवर होते. रात्रीच्या ड्यूटीला दोन सिस्टर आणि एक मावशी आल्या. मी हँडओव्हर संपेपर्यंत बाजूला उभी राहिले. दोघी चांगल्या होत्या, कामात तरबेज होत्या, एकीचा हात तर माझ्यापेक्षाही हलका होता. पण सहा रुग्ण एकीकडे म्हणजे काय, ते अतिदक्षता विभागात काम केलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचे सक्शन करायचे, दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची, तासातासाला नोंदी घ्यायच्या, लघवी मोजायची, इन्फ्युजन पंप वाजला की पळायचे, रात्री १ वाजता नवा रुग्ण आला तर त्याचे कॅन्युला, रक्ताचे नमुने आणि कागदपत्रे करायची. यात एखाद्याचे हृदय थांबले तर दोघीही त्याच खाटेपाशी जातात आणि तेवढा वेळ बाकीचे ११ रुग्ण मावशींच्या भरवशावर असतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत शिक्षण-रुग्णालयांच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक, इतर रुग्णालयांच्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका सांगितलेली आहे, शिवाय रजांसाठी ३० टक्के जादा. येथे अतिदक्षता विभागातील प्रमाण साध्या वॉर्डाच्या निकषालाही पुरत नव्हते.

माझ्या रुग्णालयात सहा खाटांना रात्री आम्ही दोघी असतो. तीन रुग्णांमागे एक हेही निकषात बसत नाही, पण तेवढ्यात मी रात्रीतून एकदा डबा खाऊ शकते आणि औषध भरताना सिरिंजवरचे लेबल दोनदा वाचू शकते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केला होता. शस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्ये, परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. तिकडचे आकडे इकडे जसेच्या तसे लागू होतील असे मी म्हणत नाही. पण ज्या रात्री आम्ही दोघींनी सहाऐवजी आठ रुग्ण सांभाळले आहेत, त्या रात्रींची मला आठवण आहे, आणि तो अभ्यास वाचताना त्यातील कोणतीही गोष्ट मला परकी वाटली नाही.

येथेच मला त्या २६,००० चा उगम दिसला. मी ज्या प्रमाणात काम करते त्याच प्रमाणाने १२ खाटांना रात्री चौघी लागल्या असत्या. दोघी नेमलेल्या होत्या. न नेमलेल्या दोघींचे प्रत्येकी २६,००० धरले तर ५२,००० रुपये दरमहा वाचत होते आणि काम करणाऱ्या दोघींना माझ्या जुन्या पगारापेक्षा प्रत्येकी ८,५०० प्रमाणे १७,००० जास्त दिले जात होते. म्हणजे मला मिळणारी वाढ ही जी मैत्रीण माझ्या शेजारी उभी असायला हवी होती, तिच्या पगाराचा एक तृतीयांश भाग होती. व्यवस्थापनाने असा विचार करूनच ठरवले असेल असा आरोप मी करत नाही. परिणाम मात्र तोच होता.

हँडओव्हरनंतर त्यांपैकी एका सिस्टरशी औषधांच्या खोलीत थोडे बोलता आले. ती गडहिंग्लजकडची होती. मी विचारले, ‘कसं वाटतं इथं?’ ती म्हणाली, ‘ताई, पगार वेळेवर होतो बघा, तेवढं एक बरं आहे. पण रात्री पाठीला भिंत लागत नाही.’ मग मी सुयांबद्दल विचारले. नीडल कटर होता, पण बंद पडलेला होता. सुया टाकण्याचा पांढरा डबा काठोकाठ भरला होता, जो खरे तर तीन चतुर्थांश भरताच बंद करून बदलायला हवा. रात्री दोन वाजता सुई टोचली तर काय करायचे, असे विचारल्यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘धुवायचं, आणि सकाळी सरांना सांगायचं.’

या उत्तरावर मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण सुई टोचणे ही आमच्या कामातील सर्वांत नेहमीची आणि सर्वांत कमी नोंदवली जाणारी इजा आहे. एचआयव्हीबाधित रुग्णाच्या रक्ताची सुई टोचली तर संसर्गाची शक्यता साधारण ०.३ टक्के असते. कावीळ ‘ब’ ची लस न घेतलेल्या व्यक्तीला त्या विषाणूची लागण होण्याची शक्यता ६ ते ३० टक्क्यांपर्यंत असते, आणि कावीळ ‘क’ ला तर लसच नाही. एचआयव्ही टाळण्याची औषधे पहिल्या दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही, आणि ती २८ दिवस घ्यावी लागतात. म्हणून ‘सकाळी सांगायचं’ या उत्तरात जे सहा तास जातात, ते परवडणारे नसतात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या सर्व आरोग्य कर्मचाऱ्यांना कावीळ ‘ब’ आणि धनुर्वाताची लस देणे, नोकरीला लागताना आणि पुढे दर वर्षी त्यांची तपासणी करणे, प्रशिक्षण देणे आणि अपघातांची नोंद ठेवणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. त्या सिस्टरला लसीबद्दल कोणी विचारलेही नव्हते. तिने शिकत असताना दोन डोस घेतले होते, तिसरा राहून गेला होता. तिसरा डोस सहाव्या महिन्यात येतो, तोपर्यंत कॉलेज बदललेले असते, नोकरी लागलेली असते, आणि तो असाच राहून जातो. मी तिला शासकीय रुग्णालयातील एआरटी केंद्राबद्दल, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे जेथे मिळतात त्या केंद्राबद्दल, आणि राहिलेल्या डोसाबद्दल सांगून आले.

सुरक्षिततेचा दुसरा भाग माणसांकडून येणाऱ्या धोक्याचा. कोल्हापुरात राधानगरी, गगनबावडा, कोकण आणि सीमाभागातून रुग्ण येतात आणि रुग्णाबरोबर निम्मी भावकी येते. त्यात वाईट काही नाही, संकटात माणसे धावून येतात ही इथली चांगलीच रीत आहे. पण रुग्ण दगावल्यावर त्या गर्दीसमोर पहिली उभी असते ती सिस्टर. डॉक्टर येईपर्यंत तीच उत्तरे देत असते. महाराष्ट्रात २०१० पासून यासाठी वेगळा कायदा आहे. त्यात परिचारिकाही संरक्षित आहेत, हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि हा गुन्हा अजामीनपात्र आहे. कायदा मात्र हल्ल्यानंतर कामाला येतो. हल्ल्याआधी लागतो तो दारावरचा सुरक्षारक्षक आणि आतून बंद होणारे दार. नव्या रुग्णालयात रात्री एकच रक्षक होता आणि तो मुख्य फाटकाशी गाड्या लावून घेत होता. अतिदक्षता विभाग दुसऱ्या मजल्यावर होता. सिस्टरांना कपडे बदलण्यासाठी जी खोली होती, ती तळघरात स्टोअरच्या शेजारी होती आणि तिच्या दाराला आतून कडी नव्हती.

ती खोली पाहिल्यावर मला अरुणा शानबाग यांची आठवण होणे अटळ होते. नोव्हेंबर १९७३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात, ड्यूटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेलेल्या या परिचारिकेवर तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला आणि त्यानंतर मे २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात पडून होत्या. त्यांची शुश्रूषा तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी केली. आमच्या प्रशिक्षणात ही हकिकत शिक्षिकांनी सांगितली होती, ती इच्छामरणाच्या निकालासंदर्भात. मला वाटते ती कपडे बदलण्याच्या खोलीच्या संदर्भातही सांगितली पाहिजे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यातील प्रशिक्षणार्थी डॉक्टरच्या हत्येनंतर सर्वोच्च न्यायालयाने आरोग्यसेवकांच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय कृती दल नेमले, तेव्हाही चर्चा पुन्हा त्याच गोष्टींपाशी आली: विश्रांतीची खोली, दिवे, कॅमेरे, रात्रीची वाहने.

वाहनाचा प्रश्न माझ्यासाठी साधा नव्हता. फुलेवाडीहून राजारामपुरीला मी स्कूटरने पंधरा-वीस मिनिटांत पोहोचते. नव्या ठिकाणी जायचे तर सगळे शहर ओलांडून, मध्यवर्ती बसस्थानक आणि कावळा नाका मागे टाकून तावडे हॉटेलच्या पुढे जायचे आणि दिवसपाळी संपल्यावर रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास महामार्गालगतच्या रस्त्याने परतायचे. पावसाळ्यात पंचगंगेला महापूर आला की शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येते, २०१९ आणि २०२१ साली तो बंद पडला होता. अशा वेळी बदलीची सिस्टर पोहोचली नाही तर १२ तासांची ड्यूटी किती तासांची होते, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. ‘ॲडजस्ट करतात सगळे,’ असे सांगण्यात आले.

घरी बोलणे झाले. सासूबाईंना मी आत्ती म्हणते. त्यांनी आयुष्यभर उसाच्या रानात मजुरी केली आहे, पैशाची किंमत त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. त्या म्हणाल्या, ‘पैसं सोडू नगं पोरी, पैसं कुणी आयतं आणून देत न्हाई. पण रात्रीचं येनं-जानं आधी बघ.’ यजमानांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि त्यांच्या कामातील गोष्ट सांगितली. प्रेस मशीनला हात आत जाऊ नये म्हणून गार्ड असतो. गार्ड काढला की तासाला नग जास्त निघतात, आणि नगावर पैसे असतील तर कामगारही तो काढायला तयार होतो. त्यांच्या ओळखीच्या एकाची दोन बोटे अशीच गेली. ते म्हणाले, ‘तुमच्यात गार्ड म्हणजे शेजारची सिस्टर. ती काढून घेतलीय आणि नगाचे पैसे वाढवून दिलेत.’ मी चार दिवस जे कागदावर मांडत होते, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

तरीही मी लगेच नकार दिला नाही. माझ्याबरोबर शिकलेल्या एका मैत्रिणीने अशाच नोकरीत दोन वर्षे काढून भावाचे शिक्षण पूर्ण केले होते. तिला दुसरा मार्ग नव्हता आणि तिच्या निर्णयाला मी चूक म्हणणार नाही. तिने सांगितले, ‘घ्यायची तर घे, पण लेखी घे.’ तिच्या सल्ल्याप्रमाणे मी व्यवस्थापनाला पत्र लिहिले. अतिदक्षता विभागात रात्री किती खाटांमागे एक परिचारिका असेल ते नियुक्तिपत्रात नमूद करावे, लसीकरण आणि सुई टोचल्यास तातडीने करायची व्यवस्था लेखी द्यावी, मूळ प्रमाणपत्रे रुग्णालयात ठेवून घेऊ नयेत, आणि रात्री सुटणाऱ्या सिस्टरांना शहरापर्यंत वाहन असावे, अशी विनंती त्यात केली. पत्राची भाषा नम्र ठेवली होती.

उत्तर फोनवर आले. मनुष्यबळ विभागातील गृहस्थ सौजन्याने बोलले, पण सुरुवातीलाच म्हणाले, ‘मॅडम, एवढे प्रश्न कोणी विचारत नाही.’ लस द्यायला ते तयार झाले. वाहन कावळा नाक्यापर्यंत देता येईल असे म्हणाले. मूळ प्रमाणपत्रांऐवजी साक्षांकित प्रती चालतील, हेही थोड्या वेळाने मान्य झाले. दोन वर्षांचा बाँड मात्र सोडायला ते तयार नव्हते, आधी सोडल्यास एक लाख रुपये भरावे लागतील असे त्यात होते. बाँडची मला फार भीती वाटली नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ नुसार अशी रक्कम ही वरची मर्यादा असते आणि प्रत्यक्षात वाजवी भरपाईच मागता येते, हे आमच्या ओळखीच्या वकिलांनी समजावून सांगितले होते. पण ज्या नोकरीतून माणसे निघून जाऊ नयेत म्हणून लाखाचा बाँड लागतो, तेथून माणसे का निघून जातात, हा प्रश्न त्यातून आपोआप पुढे येतो.

परिचारिकांच्या संख्येवर उत्तर होते, ‘रुग्णसंख्येनुसार व्यवस्था केली जाते.’ मी माझ्याकडून एक पर्याय ठेवला. अतिदक्षता विभागात रात्री तीन खाटांमागे एक परिचारिका राहील एवढे एक वाक्य नियुक्तिपत्रात लिहून द्या, मी २६,००० ऐवजी २३,००० वर येते, असे सांगितले. हे मी मनापासून सांगितले होते. तेवढ्या पगारातही आमचे घर आधीपेक्षा बरे चालले असते. दुसऱ्या दिवशी नकार आला. पगारात आणखी १,००० रुपये वाढवून देऊ, पण असे वाक्य लिहिता येणार नाही, असे ते म्हणाले. त्या क्षणी माझा निर्णय झाला. सुरक्षिततेसाठी पगार कमी करायला मी तयार होते आणि सुरक्षितता न देण्यासाठी ते पगार वाढवायला तयार होते, यापेक्षा स्पष्ट उत्तर मला मिळणार नव्हते. मी आभार मानून लेखी नकार कळवला.

यानंतर जे केले ते मला नकारापेक्षा महत्त्वाचे वाटते. दुसऱ्यांना विचारलेले प्रश्न मी स्वतःच्या रुग्णालयाला विचारले. आमच्याकडे सुया टाकण्याचे डबे वेळेवर बदलले जातात, दारावर रक्षक असतो, मॅडम डॉक्टर स्वतः रात्री फोन उचलतात. पण कावीळ ‘ब’ च्या लसीनंतर शरीरात पुरेसे संरक्षण तयार झाले आहे की नाही, ही तपासणी आमच्याकडेही कोणाची झालेली नव्हती. १० युनिटांच्या वर पातळी असेल तर संरक्षण आहे असे मानतात. मॅडमना विनंती केल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांची तपासणी रुग्णालयाच्या खर्चाने करून घेतली. माझी पातळी पुरेशी निघाली, दोघींची कमी निघाली आणि त्यांना पुन्हा डोस सुरू झाले. त्यातील एक जण आमच्याकडे सर्वांत अनुभवी आहे. सुई टोचल्यास रात्री कोणाला फोन करायचा आणि एआरटी केंद्रात कोणाबरोबर जायचे, याचा कागद आता औषधांच्या कपाटावर लावलेला आहे.

पगाराबद्दल बोलताना मी समितीची ५० खाटांच्या आतील २०,००० ची शिफारस छापून नेली होती. दुसरीकडून प्रस्ताव आला होता आणि मी तो नाकारला, हेही सांगितले, आणि का नाकारला तेही सांगितले. मॅडमनी दोन दिवस मागून घेतले आणि १९,५०० दिले. शिफारशीपेक्षा ते अजून ५०० रुपयांनी कमी आहेत. ईएसआयची मर्यादा ओलांडली गेली नाही, हे माझ्यासाठी सोयीचे झाले. नव्या नोकरीत जे मिळाले असते त्यापेक्षा दरमहा साडेचार हजारांच्या आसपास रक्कम कमी येते आणि ती उणीव दर महिन्याला जाणवते. वरच्या मजल्यावरची खोली बांधायचे काम आम्ही पुढे ढकलले आहे, आणि कर्जाची मुदत कमी करून घेण्याचा विचार सध्या बाजूला ठेवला आहे.

गडहिंग्लजकडच्या त्या सिस्टरचा मध्यंतरी फोन आला होता. तिने तिसरा डोस घेतला आहे. आमच्याकडे जागा आहे का, असे तिने विचारले. सध्या नाही, पण रात्रीच्या ड्यूटीला आणखी एक सिस्टर हवी, अशी मागणी मी आणि इनचार्ज सिस्टर मिळून केली आहे. मंजूर झाली तर पहिले नाव तिचेच सुचवणार आहे, आणि पगार किती मिळेल व रात्री खाटा किती असतील, हे दोन्ही आकडे तिला आधीच सांगून ठेवले आहेत.